मिरीच्या गिरणीत कोणतं मेकॅनिझम बसवावं: कोकणच्या हवेत काय टिकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ वाडी आहे, पोफळींवर मिरीचे वेल चढलेत, घरी छोटं लेथ मशीन आहे आणि जुन्या घराच्या दुरुस्तीत निघालेलं फणसाचं लाकूड माळ्यावर पडून आहे. त्यातून मिरीच्या गिरण्या कातायच्या आणि घरच्या मिरीबरोबर पर्यटकांना विकायच्या, असा बेत आहे. पण आतलं मेकॅनिझम कोणतं घ्यावं इथे गाडं अडलंय. पोलादी की सिरॅमिक, डोक्यावर नट असलेलं की बुडाशी फिरवायचं, आणि त्यातच मीठ घातलं तर चालेल का.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. विकायच्या गिरण्यांसाठी बुडाशी बारीक-जाड करता येणारं सिरॅमिक घ्या. स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी, जिथे गिरणीची काळजी घेणारं माणूस रोज समोर आहे, तिथे चांगलं कडक पोलादी घ्या, कारण मिरी त्याच्याइतकी सुरेख दुसरं काही फोडत नाही. मिठासाठी सिरॅमिकच, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर मिठाची गिरणी बाहेर ठेवूच नका. कोणतंही घेतलंत तरी ते पुन्हा बाहेर काढता येईल असंच बसवा. मी सावंतवाडीत कातकाम करतो आणि वेंगुर्ला, मालवण भागात गेलेल्या गिरण्या दुरुस्तीला माझ्याकडे येतात. जे सांगतोय ते त्या उघडून पाहिलेल्या गिरण्यांवरून.

लाकूड आधी निवडून, सुंदर आकार कातून, मग त्यात मावेल ते मेकॅनिझम शोधत बसू नका. मेकॅनिझम हातात आलं, कॅलिपरने (व्यास मोजायच्या चिमट्याने) मोजलं, मगच लाकडाचा ठोकळा काढायचा. उंची, भोकाचा व्यास, मान किती जाड ठेवायची, डोक्याचा आकार, सगळं त्याच्यावर ठरतं.

मेकॅनिझमचा जीव म्हणजे दळणारी जोडी. आत फिरणारा शंकू आणि बाहेर घट्ट बसलेलं कडं. दोघांनाही दात असतात, पण ते सगळे एकाच कामाचे नसतात. वरच्या भागातल्या मोठ्या तिरक्या आट्या अख्खा दाणा पकडून खाली ओढतात आणि फोडतात. खालचे बारीक दात त्या तुकड्यांची पूड करतात. मेकॅनिझम चांगलं की वाईट हे पहिल्या कामात कळतं. स्वस्त मेकॅनिझममध्ये वरच्या आट्या नावापुरत्या असतात. दाणा आत शिरतच नाही, शंकूवर नुसता घरंगळत राहतो. मग माणूस नट आणखी आवळतो, खालचे दात एकमेकांवर घासायला लागतात आणि वर मिरी तशीच पडून राहते.

पोलादी दात धारदार असतात, ते दाणा कापतात. सिरॅमिकचे दात बोथट असतात, ते दाणा चिरडतात. नुकती टाकी लावलेलं जातं आणि दळून दळून गुळगुळीत झालेलं जातं यांच्या पिठात जो फरक असतो, तोच इथे आहे. फ्रान्सच्या पेजो कंपनीने १८७४ मध्ये आपली पहिली मिरीची गिरणी काढली, तेव्हापासून मिरीसाठी कडक केलेलं पोलाद हाच कस मानला जातो, आणि तो योग्यच आहे. पांढऱ्या कागदावर दोन्ही प्रकारांनी दळून शेजारी शेजारी बघा. पोलादाखालून काळ्या सालीच्या आणि पांढऱ्या गराच्या स्पष्ट कपच्या पडतात, आणि त्या जवळजवळ एका मापाच्या असतात. सिरॅमिकखाली थोड्या कपच्या आणि बरीच भुकटी असा मिश्र माल येतो. मिरीचा वास देणारं तेल प्रामुख्याने सालीत असतं आणि तिखटपणा आतल्या गरात. भुकटी झाली की तेल लवकर उडतं. आमटीत फरक जाणवणार नाही, पण अंड्यावर किंवा काकडीवर वरून दळलेली मिरी असेल तर नक्की जाणवतो.

मग मी तुम्हाला सिरॅमिक का सांगतोय? हवेमुळे.

गेल्या पावसाळ्यानंतर तारकर्लीच्या एका घरगुती निवासातून माझ्याकडे एक गिरणी आली. सागवानी, सुबक, कोणीतरी मनापासून कातलेली. डोकं फिरत नव्हतं. वरचा नट पक्कडीने काढला, डोकं लाकडी हातोडीने टिचकत टिचकत वर घेतलं. मधला गज अॅल्युमिनियमचा होता आणि त्याच्यावर पांढरी खरखरीत पूड चढली होती. खालची स्प्रिंग तपकिरी होऊन पट्टीला चिकटली होती, बोट लावलं तर दोन वेढे मोडून हातात आले. दातांच्या खाचांत मिरीची भुकटी आणि ओल यांचा काळा लगदा मेणासारखा घट्ट बसला होता, तो दाभणाने खरवडून काढावा लागला. चौकशी केली तेव्हा कळलं की पाहुणे त्याच गिरणीत कधी मिरी, कधी मीठ घालत आणि कढत सारावर धरून दळत. वाफ थेट वर शिरत होती. दळणारी जोडी चांगल्या पोलादाची होती, तिच्यात तसा दोष नव्हता. तिला समुद्रापासून दोनशे पावलांवर नेऊन मिठाशी आणि वाफेशी गाठ घालून दिली, हा तिच्यावरचा अन्याय.

पर्यटकाच्या हातात गेलेली गिरणी अशीच वापरली जाणार आहे हे गृहीत धरा. तो सूचना वाचणार नाही. तो ती धुवेलसुद्धा. सिरॅमिक म्हणजे भट्टीत भाजलेली कडक माती, बहुतेक वेळा अॅल्युमिना, ती गंजत नाही आणि मिठाला दाद देत नाही. डेन्मार्कच्या क्रशग्राइंडसारखी मेकॅनिझमं जगभरचे कातारी वापरतात ती याच कारणाने. सिरॅमिकचं वैरी एकच: खडा. कडकपणात ते पोलादाच्या पुढे आहे, पण ठिसूळ आहे. मिरीबरोबर वाळूचा एखादा टपोरा कण गेला किंवा गिरणी फरशीवर पडली तर दाताचा टवका उडतो, आणि उडालेला टवका परत लागत नाही. तुमची मिरी खळ्यात वाळवलेली असणार. म्हणून विकायच्या पिशवीत भरण्याआधी सुपात नीट पाखडून, मग ताटात पसरून डोळ्यांखालून घाला. हे काम लेथवरच्या कामाइतकंच महत्त्वाचं आहे.

मिठाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे कितीही भारी मेकॅनिझम लावलंत तरी जुलैमध्ये गिरणीतलं मीठ ओलं होणार, खाली खारं पाणी झिरपणार आणि लाकडावर पांढरे डाग उमटणार. त्यात आपलं मिठागरातलं मीठ असेल तर आणखीच. शिरोड्याच्या मिठागरांचं नाव १९३० च्या सत्याग्रहाने देशभर झालं, त्या मिठाबद्दल मला आदरच आहे आणि घरी लोणच्याला मी तेच वापरतो. पण समुद्राच्या पाण्यापासून आगरात पिकवलेल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहतात आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतात. गिरणीत ते दोन दिवसांत गोळा होतं. गिरणीत घालायचं तर सैंधवाचे खडे, तीन-चार मिलिमीटरचे, एकसारखे फोडलेले. तेही दिवाळी ते मे. पावसाळ्यात ते काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत गेलं पाहिजे. पर्यटक मिठाची जोडी मागतात हे मला माहीत आहे. द्या, पण हे सांगून द्या, आणि पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकाला द्या. मालवणच्या गिऱ्हाइकाला मी स्वतः मिठाची गिरणी देत नाही.

स्वस्त मेकॅनिझमबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाजारात जे राखाडी चकचकीत धातूचं मिळतं ते पुष्कळदा पोलाद नसतं, ओतीव जस्ताचा मिश्रधातू असतो आणि वरून मुलामा. लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं नाही आणि कड्याच्या बाजूला साच्याची बारीक रेघ दिसली, तर जस्त समजा. त्याचे दात वर्षा-दोन वर्षांत गोल होतात. चुंबक चिकटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण साधं गंजणारं पोलादही चिकटतं आणि कडक केलेलं स्टेनलेसही चिकटतं. त्यातला फरक पाहायचा तर एक नग बळी द्या. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यात तो रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी फडक्यावर तांबूस डाग दिसला की तुमच्या कामाचा नाही. एका नगाचे पैसे गेले तरी चालतील, सगळ्या खेपेचे वाचतात.

आता नट वर की बारीक-जाड करणं खाली. जुन्या पद्धतीत चौकोनी गज बुडापासून डोक्याच्या वरपर्यंत जातो, वर एक गोल नट असतो. नट आवळला की गज वर ओढला जातो, शंकू कड्याच्या जवळ येतो, पूड बारीक होते. सोपी, जुनी, दुरुस्त करायला सोयीची रचना. पण मिरी भरायची तर नट पूर्ण काढावा लागतो, म्हणजे दर वेळी जमवलेली जाडी जाते. दळताना डोकं उलट फिरवलं तर नट आपोआप सैल होतो, आणि तो एकदा वाळूत किंवा सिंकमध्ये पडला की गिरणी निकामी. कातणाऱ्याच्या दृष्टीनेही अडचण आहे. गजाची लांबी ठरलेली असते, त्यामुळे उंचीही ठरलेली, आणि डोक्यावर नट बसायला सपाट जागा ठेवावी लागते.

दुसऱ्या प्रकारात बारीक-जाड करायची चकती बुडाशी असते. गज डोक्याच्या आतल्या बाजूला एका खोबणीत नुसता अडकतो, डोकं सरळ वर उचलून मिरी भरता येते आणि जाडी जशीच्या तशी राहते. यातला गज बहुधा अॅल्युमिनियमचा असतो, तो हॅकसॉने हवा तेवढा कापता येतो, म्हणजे एकाच मेकॅनिझमवर ठेंगणी किंवा उंच कुठलीही गिरणी करता येते. डोकं गोल करा, कोयरीसारखं करा, तुमची मर्जी. हा गजही पोलादी नसल्याने निर्धास्त राहू नका. मिठाच्या गिरणीत त्याच्यावर लाखेचा पातळ हात फिरवा.

फणसाच्या लाकडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मेकॅनिझम कसं बसवायचं हे लाकडावर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मेमध्ये आकसतं हे सुताराच्या घरातलं पोरही जाणतं. गिरणीत त्रास होतो तो असा, की ते सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी. त्यामुळे गोल पाडलेलं भोक गोल राहत नाही, अंडाकृती होतं. सागवान सगळ्यांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी. तरी त्याचाच हिशेब करून बघा. हिरव्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतो. लाकडातलं पाणी भर पावसाळा ते कडक उन्हाळा या अंतरात सहा टक्क्यांनी कमी झालं असं धरलं, तर ३८ मिलिमीटरच्या भोकाचा एक व्यास जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी होतो आणि दुसरा जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणजे पाव मिलिमीटरचा अंडाकार. हे सागाचं. बाकी लाकडांत याहून जास्तच धरून चाला.

सिरॅमिक मेकॅनिझमचं घर, म्हणजे दळणारी जोडी धरणारं प्लॅस्टिकचं कवच, बिघडवायला हा पाव मिलिमीटर पुरतो. भोक आकसलं की घर दाबलं जातं, आतलं कडं किंचित वाकडं बसतं, शंकू एका बाजूला घासतो आणि गिरणी फिरताना कर्र कर्र वाजते. गिऱ्हाईक म्हणतं मेकॅनिझम खराब निघालं. भोक फुगलं की उलट होतं, घर सैल पडून लाकडात गोल फिरायला लागतं आणि मिरी दळलीच जात नाही. आता विचार करा, तुम्ही ऑगस्टच्या दमट हवेत गुहागरात नेमक्या मापाचं भोक पाडलंत आणि ती गिरणी पुण्याच्या कोरड्या हवेत, एखाद्या एसी लावलेल्या फ्लॅटमध्ये गेली. भोक आकसणारच. म्हणून तीन काळज्या घ्या.

पहिली, ठोकळा कच्चा पोकळ करून ठेवा. शेवटच्या मापापेक्षा चार-पाच मिलिमीटर कमी व्यासाचं आरपार भोक पाडायचं, टोकांना मेण किंवा लाख लावायची आणि तो घरातल्या हवेशीर जागी महिना-दोन महिने उभा ठेवायचा. माळ्यावरचं जुनं लाकूड आहे म्हणून हे टाळू नका. जुनं असलं तरी मधून पोकळ केल्यावर त्याचा ताण सुटतो आणि ते एकदा हलतंच. त्यानंतर लेथवर पुन्हा गोल करून शेवटचं भोक पाडा. हे शेवटचं काम दिवाळीच्या सुमारास करा, हवा ना फार ओली ना फार कोरडी असते.

दुसरी, भोक मेकॅनिझमपेक्षा किंचित सैल ठेवा. क्रशग्राइंड पद्धतीच्या मेकॅनिझमला बाजूला प्लॅस्टिकच्या जिभा असतात, त्या भोकाच्या आत कोरलेल्या खाचेत टक् करून बसतात. परदेशातल्या कोरड्या, एकसारख्या हवेत ती पद्धत छान आहे. मी त्या जिभा पटाशीने छाटतो, घर भोकात हलक्या हाताने सरकवतो आणि सिलिकॉनचे तीन-चार ठिपके लावून धरून ठेवतो. सिलिकॉन लवचिक राहतं, लाकडाची हालचाल पोटात घेतं, आणि पुढे मेकॅनिझम बदलायचं झालं तर पातळ पात्याने कापून बाहेर काढता येतं. अॅराल्डाइटसारखं कडक चिकटद्रव्य वापरू नका. ते धरतं उत्तम, पण दात झिजल्यावर गिरणीच फोडावी लागते. चार पिढ्या टिकेल असं लाकूड आणि त्यात कायमचं चिकटवलेलं झिजणारं यंत्र, हे मला सहन होत नाही.

तिसरी, डोक्याचा दट्ट्या, म्हणजे मानेत शिरणारा खालचा गोल भाग, आणि मानेचं भोक यांत सरळ एक मिलिमीटरची फट ठेवा. डिसेंबरमध्ये ती ढिली वाटेल. जुलैमध्ये तीच गिरणी फिरती ठेवते.

नट असलेल्या जुन्या पद्धतीत मेकॅनिझम दोन स्क्रूंच्या आडव्या पट्टीवर धरलेलं असतं, त्यामुळे लाकडाच्या हालचालीचा त्रास कमी, हा तिचा गुण मानलाच पाहिजे. तिथे पट्टीबरोबर आलेले स्क्रू फेकून द्या आणि स्टेनलेसचे लावा.

आता मापं. खालून सिरॅमिक बसवायच्या गिरणीला साधारण तीन व्यास लागतात. बुडाशी चकतीसाठी सुमारे ४५ मिलिमीटरची उथळ बैठक, तिच्या आत घरासाठी ३८, आणि वर मिरी साठवायला २५ पासून पुढे जितकं लाकूड परवानगी देईल तितकं. नटाच्या पद्धतीत आरपार भोक २७ च्या आसपास असतं. पण कंपनीगणिक आणि कधी कधी खेपेगणिकही फरक पडतो, तेव्हा आकडे माझे घेऊ नका, कॅलिपरचे घ्या. फोर्स्टनर बिट, म्हणजे सपाट बुडाचं मोठं भोक पाडणारं बिट, घेताना एक सापळा आहे. आपल्याकडे दुकानात इंची आणि मिलिमीटरची बिटं एकाच खोक्यात मिळतात. दीड इंची म्हणजे ३८.१ मिलिमीटर, ते चालून जातं. पण पावणेदोन इंची म्हणजे ४४.४५, आणि ४५ ची चकती त्यात जात नाही. ठोकून बसवली की वाकते.

भोकं पाडताना सगळ्यांत मोठं आधी, मग त्याहून लहान. उलट केलंत तर मोठ्या बिटाच्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही आणि भोक भरकटतं. बुडाची बैठक आणि घर एकाच पकडीत, ठोकळा चकमधून, म्हणजे लेथच्या जबड्यातून, न सोडता पाडा. ते दोन व्यास एका केंद्रावर नसतील तर शंकू कायम एका बाजूला घासणार, मग मेकॅनिझम कितीही महागाचं असो. आरपार भोक दोन्ही टोकांकडून निम्मं निम्मं. वेग कमी, बिट वारंवार बाहेर काढून भुसा झटकायचा. लाकडाच्या रेषांच्या (धाग्यांच्या) टोकावर बिट चालतं तेव्हा ते तापतं, आणि तापलं की आतून बारीक तडे जातात जे पॉलिश लावल्यावरच दिसतात. सागात सिलिका असते, बिटाची धार लवकर जाते. फणस त्या मानाने सोसतो, आणि त्याचा पिवळा रंग वर्षभरात मधासारखा होतो, तो गिरणीला फार शोभतो. तुमच्याकडे चांगलं लाकूड आहे. कोणी माडाच्या लाकडाची मागणी केली तर जपून. त्याचे धागे भोकाच्या कडेला उपटले जातात, खाच धरत नाही, स्क्रूही नीट धरत नाही. तिथे भोकाला आतून पातळ लाखेचे दोन हात देऊन, घासून, मगच सिलिकॉन.

आतून तेल लावू नका. जवसाचं असो की दुसरं, बंद जागेत त्याला खवट वास येतो आणि तो मिरीला लागतो. मिरीची गिरणी आतून कोरीच ठेवली तरी चालते. मी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात देतो आणि पूर्ण सुकेपर्यंत उघडी ठेवतो. लाख आपल्याकडे खेळण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चढते आहे, तिच्यावर माझा भरवसा आहे. रंग घातलेली लाख मात्र आत नको.

मेकॅनिझमची ऑर्डर देण्याआधी तुमच्या मिरीचं माप घ्या. वाडीत पन्नियूर १ ही मिरीची जात लावली असेल तर दाणा टपोरा असतो. वाळल्यावर निवडक दाणे पाच मिलिमीटरच्या आसपास भरतात. गावठी वेलाचा दाणा बारीक. लहान दाण्यावर सुरेख चालणारं मेकॅनिझम टपोऱ्या दाण्याला तोंडातच घेत नाही, असं होतं. दोन-तीन प्रकारांचे एकेक नग मागवा. लाकडात बसवू नका, हातातच धरा. वर कागदाची नळी करून तुमच्या मिरीतले सगळ्यांत मोठे दाणे भरा, गज पक्कडीत धरून फिरवा आणि खाली पांढरा कागद ठेवा. किती वेढ्यांनंतर पहिली पूड पडते, सर्वांत जाड करून फिरवल्यावर अख्खा दाणा खाली निसटतो का, सर्वांत बारीक करून फिरवल्यावर दात एकमेकांना लागल्याचा आवाज येतो का, हे बघा. खालून बोटाने शंकू इकडेतिकडे हलवा. डोळ्याला दिसेल इतका हलत असेल तर परत पाठवा.

दाणाही त्या परीक्षेला लायक हवा. नीट वाळलेल्या मिरीत पाणी १० ते १२ टक्के असतं आणि ती दाताखाली कट् करून फुटते. दमट झालेली चपटी होते, फुटत नाही, आणि दातांत लगदा करते. पावसाळ्यात गिरणीत आठवड्याची मिरी भरायची, बाकीची बरणीत. ऊन पडेल त्या दिवशी सुपात पसरायची. बुडाशी बसणारी छोटी लाकडी बशी कातून दिलीत तर ओलही अडते आणि टेबलावर भुकटीही सांडत नाही. त्याच ठोकळ्याच्या उरलेल्या तुकड्यातून होते, आणि गिऱ्हाइकांना ती गिरणीपेक्षा जास्त आवडते असा अनुभव आहे.

कोणी बांगड्यासाठी तिरफळं दळायची गिरणी मागेल. नाही म्हणा. तिरफळाचं बी काढून टाकल्यावर उरते ती हलकी, चिवट साल. ती शंकूवर तरंगते, खाली उतरत नाही. ती ठेचायचीच असते. लवंग, वेलचीलाही मिरीची गिरणी देऊ नका. त्यांच्या तेलाने दात तुंबतात, आणि लवंगेचं तेल काही जातींच्या प्लॅस्टिकला खातं.

दर ठरवताना एक सुटं मेकॅनिझम जमेत धरा. पहिल्या खेपेत जितक्या गिरण्या करणार त्याहून चार-पाच मेकॅनिझमं जास्त, सगळी एकाच दुकानदाराकडून आणि एकाच वेळी घ्या. दोन वर्षांनी गिऱ्हाईक दुरुस्तीला येईल तेव्हा त्याच मापाचं मिळेल याची खात्री नसते. गिरणीच्या बुडाशी, चकतीच्या आत झाकलं जाईल अशा जागी, मेकॅनिझमचा प्रकार आणि तिन्ही भोकांची मापं पेन्सिलने लिहून ठेवा. उघडणारा दुसरा कोणी असला तरी त्याचं काम अर्धं झालेलं असेल.